दात्यांची कुळकथा

शिलाई मशीनच्या सुईखाली, पत्र्याच्या फटींतून डोकावणारे बारीक खवले म्हणजे दाते. परकराची शिवण घालताना त्यांची आठवणही होत नाही. गोधडी घेऊन बसलं की मात्र वीतभरातच ते हिसका दाखवतात. खालचं कापड पळतं, वरचं मागे रेंगाळतं, मधला कापूस दोघांच्या ओढाताणीत सापडतो आणि रेघ संपेपर्यंत चुण्या पडलेल्या असतात. मशीन बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं. दाते ज्या कामासाठी जन्माला आले, ते काम चोख करत असतात. ते काम गोधडीचं नव्हतं, एवढंच.

दाते मशीनबरोबर जन्मले नाहीत. फ्रान्समधल्या बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने 1830 मध्ये मशीनचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी पोटावर पाय येईल या धास्तीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याचा कारखाना फोडला. अमेरिकेत एलियास हाऊने 1846 मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं. त्याच्या मशीनवर कापड टेबलावर पसरायचं नसे. टोकदार खिळे असलेल्या एका पट्टीला ते उभं टोचून टांगायचं. पट्टीच्या लांबीइतकी शिवण झाली की थांबायचं, कापड सोडवायचं, पट्टी मागे न्यायची, पुन्हा टोचायचं. वळणाची शिवण जवळजवळ अशक्य. आयझॅक सिंगरने 1851 च्या मशीनमध्ये सुई उभी केली, टेबल आडवं केलं आणि कापड वरून दाबून धरणारा फूट दिला. कापड सरकवण्याचं काम मात्र खरखरीत कडेच्या एका चाकाकडे होतं.

खरे दाते आले ते ॲलन विल्सन या सुताराच्या डोक्यातून. त्याचं पेटंट 1854 चं. प्रत्येक टाक्याला दात्यांनी चार हालचाली करायच्या: वर येऊन कापड पकडायचं, पुढे न्यायचं, पत्र्याखाली बुडी मारायची आणि तशीच बुडी मारलेल्या अवस्थेत मागे परतायचं. दाते बुडालेले असतात तेव्हा सुई कापडात असते. त्या क्षणी कापड सुईभोवती हवं तसं फिरवता येतं, म्हणून गळ्याची गोलाई मशीनवर शिवता येऊ लागली. आजच्या संगणकी मशीनमध्येही पत्रा उचलून पाहिलं, तर विल्सनचीच ही चार पावलं चालू दिसतील. शिलाई मशीनच्या इतिहासात सिंगरचं नाव घरोघरी गेलं, हाऊच्या खिशात पैसा गेला. पण माझ्या मते सगळ्यांत शहाणं डोकं या विल्सनचं.

आता या चार पावलांत गोधडीचं काय होतं ते पाहा. दाते फक्त सर्वांत खालच्या थराला धरतात. सर्वांत वरच्या थरावर फूट बसलेला, तो अडवणार. दोन पातळ कापडांत ही तफावत जाणवत नाही. तीन थर आणि मध्ये फुगीर कापूस आला की खालचा थर ‘चल’ म्हणतो, वरचा ‘थांब’ म्हणतो. हाताच्या धावदोऱ्याला हे दुखणं नाही, कारण सुई थर ओढत नेत नाही; टाक्यापुरते एकत्र गोळा करते आणि सोडते. म्हणूनच उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवताना कडेपासून सुरुवात करून आत मध्यापर्यंत येऊ शकतात. मशीनवर हे धाडस करू नये. मध्यापासून कडांकडे जावं, म्हणजे सरकलेलं कापड बाहेर निघून जातं, अडकून राहत नाही.

थर सरकू नयेत म्हणून ते आधी सेफ्टी पिनांनी जोडतात. त्या पिनेचा शोध लावणाऱ्या वॉल्टर हंटनेच हाऊच्या दहा-बारा वर्षं आधी दोन दोऱ्यांच्या टाक्याचं मशीन बनवलं होतं. हातशिलाईवर पोट भरणाऱ्या बायका उपाशी मरतील या विचाराने त्याने पेटंट घेतलं नाही, असं सांगतात. सेफ्टी पिनेचं पेटंट 1849 मध्ये त्याने घेतलं आणि 400 डॉलरला विकून टाकलं. मशीनवर गोधडी शिवणारी बाई बिचाऱ्या हंटची दोन्ही अपत्यं एकाच टेबलावर नांदवते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बायकांनी मशीनवर गोधड्या शिवल्या, त्या बहुतेक सरळ रेघांच्या. सिंगर कंपनीने 1856 पासून हप्त्यांवर विक्री सुरू केल्यावर मशीन मध्यम घरांत पोचलं. वळणाचा रस्ता दुसऱ्याच अंगणातून आला. मशीनवर भरतकाम करणाऱ्यांनी फूट काढून टाकला, दाते झाकले किंवा खाली पाडले आणि रिंगेत ताणलेलं कापड दोन्ही हातांनी फिरवायला सुरुवात केली. आपल्याकडे पायमशीनवर रफू करणारे कारागीर हेच करतात. दाते गेले की टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही. पायाचा वेग आणि हाताचा वेग मिळून ठरवतात. गोधडीवर वेली, पिसं, भोवरे काढायचे तर हाच मार्ग.

तो मार्ग मान्य व्हायला मात्र फार वेळ लागला. सिंगरचं 1933 मधलं जेमतेम पाच किलोचं फेदरवेट मशीन क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, करणाऱ्या बायकांचं आजही लाडकं आहे, पण ते मुख्यतः तुकडे जोडायला. वरचे टाके हाताचेच हवेत हा दंडक होता. हॅरिएट हार्ग्रेव्ह यांचं मशीनवरच्या कलाकुसरीचं पुस्तक 1987 मध्ये आलं. पाठोपाठ 1989 मध्ये केंटकी राज्यातल्या पडूका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मशीनने टाके घातलेल्या क्विल्टला तो प्रथमच मिळत होता. बरीच खळखळ झाली. ते क्विल्ट आज पडूकाच्याच राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात आहे.

दात्यांवरचे बाकीचे उतारेही त्यांच्याशी झगडूनच निघाले. वॉकिंग फूट म्हणजे वरूनही दाते देणं, दोन्ही थर जोडीने चालवणं. सरळ रेघांना तो उत्तम. मोठ्या लाँगआर्म मशीनला तर दातेच नसतात. तिथे गोधडी चौकटीवर ताणून स्थिर असते आणि मशीनचं डोकं रुळांवरून तिच्यावर फिरतं.

म्हणून मशीन घेताना विक्रेता दोनशे डिझाइनचे टाके दाखवू लागला, तर त्याला थांबवा. दाते खाली पाडता येतात का, वॉकिंग फूट बसतो का, फुटाचा दाब कमी-जास्त होतो का आणि सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत गुंडाळलेली गोधडी मावेल एवढी जागा आहे का, हे विचारा. ही जागा बहुतेक घरगुती मशीनवर सहा-सात इंच असते. नऊ मिळाली तर हात मोकळा राहतो. घरात जुनं काळं पायमशीन असेल, तर आधी त्यावरच वॉकिंग फूट बसवून पाहा. सरळ टाका त्याच्याइतका देखणा क्वचितच पडतो. आणि दुकानात जाल तेव्हा दोन सुती कापडं व मध्ये कापूस असा हातभर तुकडा बरोबर न्या, आणि त्यावर शिवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.