संस्थापक व्हायचं राहून गेलं

आमच्या लोहाऱ्यात टाळ-मृदंगाचा आवाज लहानपणापासूनच ओळखीचा होतो. त्यामुळे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ख्रिस्ती अभंग मला परके वाटले नाहीत. मी थांबलो तो त्यांच्या एका इच्छेपाशी. त्यांना स्वतःचा धर्म काढायचा होता.

१८६१ साली कोकणातल्या करजगावात जन्मलेला हा कवी तिशीत नव्या धर्माची स्वप्नं पाहत होता. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. तो वाचता वाचता मन वळलं आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म काढायला निघालेला माणूस शिष्य झाला.

शिष्य झाला तरी नाव वाढतच गेलं. ‘ज्ञानोदय’मधलं लिखाण, चर्चमध्ये गायली जाणारी पदं, मिशनमधला मान. हे सगळं असताना १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती.

इथे शंका येतेच. दरबार काढणं म्हणजे पुन्हा संस्थापकच होणं नाही का? फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने याचं माप दिलंय: ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. या मापाने पाहिलं तर नुसता पगार सोडून भागत नाही. आपल्या त्यागाचा भार कुणी उचलला, हेही पाहावं लागतं.

तो लक्ष्मीबाईंनी उचलला. हातातले पैसे टिळक देऊन टाकायचे, चुलीची काळजी त्यांच्या वाट्याला यायची. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे हसत हसत सांगितलंय, पण लपवलेलं नाही. नवऱ्याला त्यांनी संतही केलं नाही आणि खलनायकही.

९ मे १९१९ ला टिळक गेले. दरबाराला दोन वर्षंही मिळाली नव्हती. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं आणि त्यातला मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. त्यांना लिहा-वाचायला टिळकांनीच लग्नानंतर शिकवलं होतं.

आज बहुतेक वाचकांना टिळक भेटतात ते बायकोच्या पुस्तकात: तापट, विसरभोळे, उदार. संस्थापक व्हायला निघालेल्या माणसाला ही जागा लहान वाटली असती. दरबारातल्या टिळकांना ती पुरली असती, असं मला वाटतं.