एका हायस्कुलाची दोन मैदाने

शाळेचा मोठेपणा तिच्या निकालावरून मोजावा की तिने जिंकलेल्या ढालींवरून, हा वाद आपल्याकडेही दरवर्षी रंगतो. त्या वादात तिसरे एक माप बहुधा राहून जाते. शाळेच्या दारातून आत कोणाला येऊ दिले जात होते, आणि आत आल्यावर त्याला कोणत्या वर्गात बसविले जात होते? अमेरिकेतील एका विशाल सार्वजनिक हायस्कुलाचा इतिहास या तिन्ही मापांनी तपासून पाहण्याजोगा आहे.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिच्या दक्षिणेस पोटोमॅक नदीच्या पलीकडील तीरावर, व्हर्जिनिया राज्यात, अलेक्झांड्रिया हे जुने नगर वसले आहे. आज ते राजधानीचे उपनगरच झाले आहे. तेथे गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या, अशी कायद्याने घालून दिलेली व्यवस्था होती. 1920 मध्ये कृष्णवर्णीयांसाठी पार्कर-ग्रे ही शाळा उघडली. परंतु तेथे आरंभी हायस्कुलाचे वर्गच नव्हते. ज्या मुलांना पुढे शिकावयाचे असे, त्यांना नदी ओलांडून राजधानीत जावे लागे. 1939 च्या ऑगस्टमध्ये सॅम्युएल टकर या तरुण वकिलाच्या योजनेनुसार पाच कृष्णवर्णीय तरुण नगराच्या ग्रंथालयात गेले आणि पुस्तके घेऊन शांतपणे वाचीत बसले. त्यांना अटक झाली. नगराने यावर तोड काढली ती अशी, की कृष्णवर्णीयांसाठी निराळे लहानसे ग्रंथालय बांधून दिले!

17 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार विभागलेल्या सार्वजनिक शाळा घटनाविरोधी ठरविल्या. व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी त्या निर्णयाला उघड विरोध आरंभिला. 1958 मध्ये काही ठिकाणी शाळांना टाळेही लावले, पण एकत्र वर्ग भरू दिले नाहीत. अलेक्झांड्रियाच्या शाळांचे अधीक्षक टी. सी. विल्यम्स हे याच पक्षाचे. आपल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून न्यायालयात गेलेल्या एका मातेला त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरातील नोकरीवरून दूर केले. तरीही 10 फेब्रुवारी 1959 रोजी नऊ कृष्णवर्णीय बालके न्यायालयाच्या आदेशाने नगरातील गोऱ्यांच्या शाळांत दाखल झाली.

यानंतरची घटना मात्र विलक्षण आहे. 1965 मध्ये नगराने नवे हायस्कूल उघडले, त्यात दोन्ही वर्णांची मुले घेतली, आणि त्याला नाव दिले ते याच टी. सी. विल्यम्स यांचे. त्याच वर्षी पार्कर-ग्रे हायस्कूल बंद झाले. ज्या शाळेवर एका समाजाने जीव लावला होता ती गेली आणि जी मिळाली तिच्या कमानीवर त्यांना विरोध करणाऱ्याचे नाव राहिले.

1971 मध्ये नगरातील तिन्ही हायस्कुलांचे अकरावी व बारावीचे सर्व विद्यार्थी या एकाच शाळेत आणण्यात आले. हातांनी धरून व फेकून खेळावयाच्या अमेरिकन फुटबॉलचे तीन संघही त्यामुळे एक झाले. प्रमुख प्रशिक्षकपदी हर्मन बून या कृष्णवर्णीय गृहस्थाची नेमणूक झाली. हॅमंड हायस्कुलाचे लोकप्रिय गोरे प्रशिक्षक बिल योस्ट यांनी त्यांच्या हाताखाली काम पत्करले. उन्हाळ्यात गेटिसबर्ग येथे संघाचे सरावशिबिर भरले. 1863 मध्ये यादवी युद्धातील घनघोर लढाई जेथे झाली तेच हे गाव. त्या मोसमात संघाने तेराही सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यावर 27 विरुद्ध 0 असा विजय मिळवून राज्याचे अजिंक्यपद पटकाविले.

2000 साली या कथेवर चित्रपट निघाला आणि शाळेची कीर्ती देशोदेशी गेली. चित्रपटात अखेरचा सामना श्वास रोखावयास लावणारा दाखविला आहे; प्रत्यक्षात तो सर्वस्वी एकतर्फी होता. गोरी व काळी मुले या शाळेत प्रथमच 1971 मध्ये एकत्र आली, असाही प्रेक्षकाचा ग्रह होतो. वस्तुतः ती तेथे सहा वर्षे एकत्र शिकत होती. नाट्याला एक मोसम पुरतो. इतिहासाला पुरत नाही.

कारण शाळेला दुसरेही एक मैदान असते, ते वर्गखोलीचे. खेळाच्या मैदानावर मुले एका मोसमात एक झाली. वर्गात मात्र वरच्या प्रतीच्या अभ्यासक्रमांना बहुतांशी गोरी मुले आणि खालच्या अभ्यासक्रमांना बहुतांशी कृष्णवर्णीय व स्थलांतरितांची मुले, अशी विभागणी एकाच छपराखाली पुढे कित्येक वर्षे टिकून राहिली. 2004 मध्ये शाळेने प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती संगणक दिला, 2007 मध्ये नवी इमारत उभी राहिली. तरीही 2010 मध्ये सातत्याने मागे राहिलेल्या शाळांच्या शासकीय यादीत तिचे नाव आले. उत्तम विद्यार्थी तेथे नव्हते असे नव्हे. पण सर्वांच्या प्रगतीचे माप लावताच उणीव उघडी पडली. यातून शिकवण्याच्या पद्धतीत मोठे फेरबदल करणे भाग पडले.

कमानीवरील नावाचा प्रश्न सुटावयास तर पंचावन्न वर्षे लागली. नोव्हेंबर 2020 मध्ये शाळामंडळाने ते बदलण्याचे एकमताने ठरविले आणि 1 जुलै 2021 पासून ‘अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल’ हे नाव रूढ झाले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत सेकंदाच्या अवघ्या पाच सहस्रांशांनी जिंकणारा नोआ लायल्स हा 2016 मध्ये येथूनच उत्तीर्ण झाला. त्याच्या प्रमाणपत्रावर मात्र जुनेच नाव असणार.

आज चार हजारांहून अधिक मुले या शाळेत शिकतात, आणि त्यांत नाना देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. 1971 ची ढाल हा तिचा खराखुरा अभिमान आहे. तो कोणी हिरावून घेऊ नये. परंतु ढाल अकरा-अकरा खेळाडूंच्या संघाला एका मोसमात मिळविता येते. चार हजार मुलांना, त्यांच्या वर्णाकडे न पाहता, एकाच वर्गात एकाच प्रतीचे शिक्षण देण्याचा सामना या शाळेत 1965 पासून चालू आहे. त्याचा निकाल कोणत्याही एका मोसमात लागणारा नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे अधिक काळ लक्ष ठेवावयास हवे.