भिंतीवरच्या डबीचे कूळ

इंग्लंडात नव्याने बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला ही पहाट ओळखीची वाटेल. रेडिएटर गार, भिंतीवरच्या बॉयलरच्या डबीवर तांबडा दिवा, आणि घरातले कोणीतरी रिसेटचे बटण पुन्हापुन्हा दाबते आहे.

त्या बटणामागे चारशे वर्षे उभी आहेत. हॉलंडमधल्या आल्कमारच्या कॉर्नेलिस ड्रेबेलने (१५७२–१६३३) अंडी उबवण्यासाठी एक भट्टी केली. आत ऊब वाढली की अल्कोहोल फुगे, पारा सरके आणि झडप मिटे. थंडावले की झडप उघडे. आगीने स्वतःच स्वतःला आवरायचे, ही कल्पना तिथली. आपल्या तांब्याच्या बंबाला ते कधी जमले नाही. तिथे ढलप्या घालणारा हात हाच थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅट हे नाव १८३० मध्ये अँड्र्यू युअरने दिले. पुढे विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या वॉरन जॉन्सन या प्राध्यापकाने १८८३ मध्ये खोलीतल्या विजेच्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. त्याची घंटी तळघरात वाजे; झडप मात्र माणूसच फिरवी. दोन वर्षांनी मिनीॲपोलिसच्या आल्बर्ट बुट्झने तो माणूसही मोकळा केला. खोली गारठली की विजेचे मंडल जुळे, चक्र अर्धा फेरा घेई आणि साखळी भट्टीची झडप उघडी. १९५३ चा हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट याच घराण्यातला.

हे झाले उबेचे कूळ. डबीचे दुसरे कूळ भीतीचे आहे, आणि मला तेच थोर वाटते. कोळशाची हवा रोखली की आग मंदावते. गॅसचे तसे नाही; ज्योत विझली तरी तो वाहत राहतो. म्हणून ज्योतीवर पहारा हवा. दोन धातूंचा सांधा तापवला की वीज निर्माण होते, हा शोध झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये लावला. तीच इवलीशी वीज पुढे पायलट ज्योतीजवळ गॅसची झडप उघडी धरू लागली. ज्योत गेली की वीज गेली, झडप बंद. आजचे बॉयलर ज्योतीतून वाहणारा सूक्ष्म प्रवाह मोजतात. तो मिळाला नाही, तर ठरावीक प्रयत्नांनंतर यंत्र स्वतःला कुलूप लावून घेते. तांबडा दिवा म्हणजे ते कुलूप. यंत्र त्या वेळी आपले कामच करत असते.

म्हणून आधी दाबमापक पाहा; बॉयलर थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारवर हवा. थर्मोस्टॅटचे सेल संपलेत का, प्रीपेड मीटर असल्यास त्यात पैसे आहेत का, हेही बघा. कडाक्याच्या थंडीत बाहेर जाणारी निचऱ्याची नळी गोठते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळते नको. मग रिसेट एकदाच दाबा. पुन्हा कुलूप पडले तर गॅस सेफ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञालाच बोलवा. आणि गॅसचा वास आला तर कुठल्याच बटणाला हात लावू नका. दारे-खिडक्या उघडा, मुलाबाळांना घेऊन बाहेर पडा.