कडुनिंबाचा काढा आणि चांदीचे कण

कांजिण्या आल्या की अंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला, धान्याच्या कोठीत तोच पाला, पाडव्याला तोंडातही तोच. त्यामुळे 'कडुनिंबापासून जंतुनाशक चांदीचे नॅनोकण' असं वाचलं की वाटतं, यात नवल ते काय, आजीला माहीतच होतं! पण या शोधाचा इतिहास आजीपासून सुरू होत नाही. आपल्याकडे तो पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एका बुरशीपासून सुरू होतो.

चांदी जंतू मारते हे जुनंच ज्ञान. लाइपझिगचे डॉक्टर कार्ल क्रेडे १८८०च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालू लागले आणि जन्मताना होणाऱ्या संसर्गामुळे येणारं अंधत्व झपाट्याने घटलं. धातूचे अतिसूक्ष्म कण बनवणंही जुनं. मायकेल फॅरडेने १८५७ साली फॉस्फरस वापरून सोन्याचं माणकासारखं लाल द्रावण केलं होतं. पुढेही कृतीचं सूत्र तेच राहिलं. धातूच्या क्षाराला इलेक्ट्रॉन देणारं एक रसायन घालायचं आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आणखी एक. सोडियम बोरोहायड्राइडसारखी यातली काही रसायनं विषारी.

हे काम एखादा जीव करील का, हा प्रश्न मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. व्हर्टिसिलियम ही बुरशी चांदीचे कण बनवते, हे त्यांनी २००१ साली दाखवलं. पण कण बुरशीतच अडकून बसत. मग फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या दुसऱ्या बुरशीने ते बाहेर, पाण्यात बनवून दिले. तरी बुरशी वाढवा, जपा, दिवस मोजा, हे होतंच.

जिवंत लसूणघासाच्या रोपात सोन्याचे कण तयार होतात, हे टेक्सासमधल्या संशोधकांनी २००२मध्ये दाखवलं होतं. पुण्याच्या गटाने रोप बाजूला ठेवून नुसता पानांचा काढा घेतला. २००३मध्ये जिरॅनियम, २००४मध्ये कडुनिंब आणि त्याच वर्षी गवती चहा, ज्याने सोन्याचे चक्क त्रिकोणी कण दिले. कृती स्वयंपाकघरातली वाटावी अशी. पानं धुऊन उकळायची, गाळायची, काढा सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात ओतायचा. द्रावण पिवळसर होतं, मग तपकिरी. पानांतली संयुगं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि बनलेल्या कणांभोवती वेष्टनही घालतात.

गंमत म्हणजे कडुनिंबाच्या त्या निबंधात भर जंतू मारण्यावर नव्हता, वेगावर होता. काढ्याने हे काम बुरशीपेक्षा खूप लवकर केलं. आजीचा कडुनिंब औषध होता, इथे तो इलेक्ट्रॉन पुरवणारा.

नंतर तुळस, हळद, आवळा, पपई... पानागणिक निबंध आले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हे टेम्प्लेट झालं. झाडाचं नाव बदला, बाकी कोड तोच. पण झाड म्हणजे बाटलीतलं रसायन नव्हे. ऋतू, माती, पानाचं वय बदललं की काढा बदलतो, काढा बदलला की कणांचा आकार. दर वेळी तोच कण मिळवणं हे खरं अवघड काम, आणि त्याला नव्या झाडाच्या नावाइतकं कौतुक मिळत नाही.

दुसरा प्रश्न 'हरित' या शब्दाचा. काढा हरित असेल, पण चांदी चांदीच राहते. ती जंतू मारते ते मुख्यतः कणांतून सुटणाऱ्या आयनांमुळे, आणि हे आयन चांगले-वाईट जिवाणू निवडत नाहीत. २००८ साली अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी बाजारातले सहा प्रकारचे मोजे तपासले. एका मोज्यातून अर्ध्या लिटर पाण्यात ६५० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी उतरली.

मी राहतो त्या भिवंडीचं पोट पॉवरलूमवर चालतं आणि गावाची कामवारी नदी आधीच मेटाकुटीला आलेली आहे. उद्या इथल्या कापडावर 'कडुनिंबयुक्त नॅनोचांदी'चा शिक्का बसला, तर पाल्याच्या नावाने खूश होण्याआधी मी दोन आकडे विचारीन. एक मीटर कापडावर चांदी किती, आणि दहा धुण्यांनंतर उरते किती?