पोत्यामागचा धर्मादा : अन्नदान आणि आपली व्यापारी परंपरा

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना मंदिरांचे जीर्णोद्धार, चातुर्मास, प्रतिष्ठा महोत्सव यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मात्र आपल्या समाजाच्या इतिहासाचा एक भाग जुन्या वहीखात्यांत, हिशेबपट्टीच्या तळाशी दडलेला आहे. अडत, तोलाई, हमाली यांच्या खाली तेथे आणखी एक ओळ असे : ‘धर्मादा’. पोत्यामागे किंवा शेकड्यामागे घेतलेली ती अल्पशी रक्कम. पांजरपोळ, गोशाळा, पाणपोई, धर्मशाळा आणि दुष्काळातील अन्नछत्रे यांना त्या ओळीने मोठा आधार दिला. प्रस्तुत लेख त्या ओळीविषयी आहे.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे आपल्या परंपरेत सांगितली आहेत. त्यांत आहारदानाचा उल्लेख निघाला की कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहाचे नाव ओठांवर येते. वि. सं. १३१२ ते १३१५ या काळात पडलेल्या भीषण दुष्काळात या श्रावक व्यापाऱ्याने आपली धान्याची कोठारे खुली केली, असे सर्वानंदसूरींच्या ‘जगडूचरित’ या ग्रंथात वर्णन आहे. हे धान्य गरिबांसाठी आहे, असा ताम्रपट त्याने कोठारात आधीच ठेवला होता, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा तपशील बाजूला ठेवला तरी तिचा आशय मोलाचा आहे. साठवलेले सर्व धान्य आपले नाही, ही जाणीव दुष्काळ येण्यापूर्वीच असावी लागते.

आता आपल्या भागाकडे वळू. वर्धा नदीच्या काठी गोंडराजांच्या किल्ल्याखाली वसलेले बल्लारपूर आज कोळसा, सागवान आणि कागद यांसाठी ओळखले जाते. काझीपेट–बल्लारशाह मार्ग १९२९ मध्ये पूर्ण होऊन दिल्ली–मद्रास हा थेट लोहमार्ग साकारला. कागद गिरणीची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली. या उद्योगांच्या मागोमाग बाजारपेठ वाढली. पण त्यापूर्वीच्या पिढीच्या स्मरणात दोन दुष्काळ खोल रुतलेले होते : १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. दुसरा दुष्काळ वि. सं. १९५६ मधील, म्हणून राजस्थान-गुजरातेत त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. या प्रांताच्या ब्रिटिश जिल्ह्यांची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे १ कोटी ८ लाख होती. १९०१ च्या शिरगणतीत ती ९९ लाखांच्याही खाली आली. या आकड्यांमागे किती चुली विझल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

या दोन्ही दुष्काळांत सरकारी कामांच्या जोडीला देशव्यापी धर्मादाय दुष्काळ निधी उभारण्यात आला. त्याची उद्दिष्टे आजही अभ्यासण्याजोगी आहेत. सरकारी शिध्याला पूरक असे अन्न व वस्त्र देणे, अनाथ मुलांचा सांभाळ करणे, संकोचामुळे कामावर न जाणाऱ्या घरंदाज कुटुंबांना गुप्तपणे मदत करणे, आणि पाऊस पडल्यावर शेतकऱ्याला बैल व बियाणे देऊन पुन्हा उभे करणे, अशी ती चार उद्दिष्टे होती. भुकेल्याला एक वेळ जेवू घालून कर्तव्य संपत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

येथे एक कटू सत्यही नोंदवले पाहिजे. दुष्काळात धान्य रेल्वेने येई, तसेच भाव मिळेल तिकडे जातही असे. टंचाईत भाव वाढवणारा आणि अन्नछत्र चालवणारा, असे दोघेही व्यापारीच होते. क्वचित एकच मनुष्य दोन्ही असे. म्हणूनच १८९६ मध्ये काही शहरांत धान्याच्या दुकानांवर लोक चालून गेले. त्याच काळात पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने स्वस्त धान्याची दुकाने उघडली गेली. नफा सोडून धान्य विकणे हेही अन्नदानच आहे. किंबहुना घेणाऱ्याचा स्वाभिमान राखणारे ते अन्नदान आहे.

धर्माद्याच्या ओळीलाही असाच दुहेरी इतिहास आहे. ही रक्कम व्यापारी गोळा करी, पण ती शेतकऱ्याच्या पट्टीतून किंवा गिऱ्हाइकाच्या बिलातून येई. विदर्भात कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतकऱ्याच्या मालातून मनमानी कपाती होऊ नयेत, हा अशा नियमनामागील मुख्य हेतू होता. पुढे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने धर्माद्यासाठी ५४ वे कलम ठेवले. रूढीनुसार धर्मादा घेणारा व्यापारी त्या रकमेचा विश्वस्त ठरतो आणि त्याने तिचा हिशेब धर्मादाय कार्यालयास द्यावयाचा असतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात हेच तत्त्व मान्य केले. धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम ही व्यापाऱ्याची मिळकत नव्हे. तिच्यावर दानाचे बंधन आरंभापासूनच असते. जगडूशाहाच्या ताम्रपटाचा आशय आणि न्यायालयाच्या निकालाचा आशय एकमेकांपासून दूर नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग धरला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. कामावर सुकडी वाटली जाई, त्या सुकडीची चव त्या पिढीतील अनेकांना अजून आठवते. २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा भूक पुन्हा आपल्या दाराशी आली. तेलंगणात मिरची तोडणीस गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन, लेकरांना कडेवर घेऊन पायी परतू लागले. राज्यभर किराणा दुकानदार, व्यापारी मंडळे, गुरुद्वारे आणि सर्व धर्मांच्या संस्थांनी शिधा व तयार जेवण पुरवले. दुष्काळ नव्हता, कोठारे भरलेली होती. तरी माणसे उपाशी होती. रोजगार थांबला की धान्याच्या राशीशेजारीही उपासमार होते, हा धडा त्या वर्षाने पुन्हा दिला.

या साऱ्या इतिहासातून तरुण व्यावसायिकांनी काय घ्यावे? पहिले, अन्नदानाचा निधी संकटापूर्वी नियमाने जमावा. थोडा, पण रोज. दुसरे, त्याचा हिशेब उघडा असावा आणि घेणाऱ्याचे नाव मात्र झाकलेले असावे. तिसरे, मदत जेवणावर न थांबता कामधंद्यापर्यंत पोहोचावी. आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे : फलकावर नाव दुकानाचे लागले तरी त्या दानात मोळी विकणाऱ्या बाईचा, धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा आणि खाणीतून परतताना किराणा नेणाऱ्या कामगाराचाही वाटा असतो. आपण दाते कमी आणि विश्वस्त अधिक आहोत. ही नम्रता टिकली, तर पोत्यामागची ती लहानशी ओळ पुढील पन्नास वर्षेही कोणाची तरी चूल पेटती ठेवील.