गुदद्वाराजवळची प्रत्येक गाठ मूळव्याध नसते. लक्षणे अशी ओळखा

बेळगाव : शौचाच्या जागी गाठ हाताला लागली की ‘मोड आले’ म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. घरातही बोलत नाहीत, मेडिकलमधून मलम आणून महिनोन्‌महिने लावत राहतात. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण प्रत्येकीची लक्षणे आणि उपचार वेगळे असतात.

आतली मूळव्याध : शौचावेळी लालभडक रक्त पडते, पण सहसा दुखत नाही. पहिल्या टप्प्यात मोड आतच असतात. दुसऱ्यात बाहेर येऊन आपोआप आत जातात, तिसऱ्यात बोटाने ढकलावे लागतात, चौथ्यात आत जातच नाहीत.

बाहेरची गाठ : अचानक आलेली निळसर, टणक आणि बसू न देणारी गाठ म्हणजे बाहेरच्या मोडात गोठलेले रक्त. पहिले २-३ दिवस त्रास जास्त असतो. याच काळात डॉक्टर गाठले तर छोट्या शस्त्रक्रियेने लगेच आराम पडू शकतो.

कातडीचा लोंबता तुकडा : मऊ, न दुखणारा. धुताना अडचण आणि खाज, एवढाच त्रास.

चिरेचा कोंब : शौचावेळी कापल्यासारखे दुखते, नंतरही बराच वेळ आग होते. चीर जुनी झाली की तिच्या टोकाला कोंब येतो. लोक यालाच मूळव्याध समजतात.

चामखीळ : फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे बारीक पुंजके, खाज, ओलसरपणा. कारण एचपीव्ही विषाणू, बहुधा ६ व ११ हे प्रकार. मुख्यतः लैंगिक संपर्कातून पसरतो, म्हणून जोडीदाराचीही तपासणी हवी.

पॉलिप : लहान मुलाला न दुखता रक्त पडत असेल तर मूळव्याधीपेक्षा पॉलिपची शक्यता अधिक. मोठ्यांमधले काही पॉलिप पुढे कर्करोगात बदलू शकतात.

हे दिसल्यास थांबू नका
- काळपट किंवा शौचात मिसळलेले रक्त
- काही आठवडे बदललेली शौचाची सवय
- कारण नसताना घटणारे वजन, अशक्तपणा
- टणक, वाढत जाणारी गाठ किंवा न भरणारी जखम
- ताप, पू येणे
- घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे

वयाची चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच रक्त दिसले, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नये. सर्जनची बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने केलेली तपासणी काही मिनिटांत होते. ‘एका दिवसात मुळापासून’ अशी पाटी लावून बसलेल्यांकडे मोड जाळून घेण्याआधी, ती गाठ नक्की कसली हे माहीत असले पाहिजे.