पडदे निवडायला कॉलेज कशाला?

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातली तुमची लेक उद्या जेवताना म्हणाली, "मला इंटिरिअर डिझाइन शिकायचंय," तर तुम्ही काय विचाराल? पडदे आणि रंग निवडायला चार वर्षांची फी कशाला, हेच ना? मी एमबीए केलेला, आयटीतला माणूस. आधी खर्च आणि परतावा मांडतो, त्यामुळे मला हा प्रश्न रास्त वाटतो. अमेरिकेत तो शंभराहून अधिक वर्षं विचारला जातोय.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच वर्षी त्याच शहरात पन्नाशी उलटलेल्या कॅन्डेस व्हीलर यांनी लुई टिफनी यांच्यापासून वेगळं होऊन बायकांनी चालवलेला सजावटीच्या कापडांचा आणि भरतकामाचा व्यवसाय उभा केला. यादवी युद्धानंतर कमावता माणूस गमावलेल्या चांगल्या घरच्या बाईनं पोट भरायचं कसं, ही त्यांची मूळ चिंता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, त्यामागची तळमळही फार वेगळी नव्हती. १८९५ मध्ये व्हीलरबाईंनी लेख लिहून बायकांना हा व्यवसाय सुचवला. मात्र नुसती आवड पुरत नाही, शिक्षण हवं, हेही बजावलं.

पण गाजल्या कोण? एल्सी डी वुल्फ! या मूळच्या नटी. असलं शिक्षण काही घेतलेलं नाही. १९०७ मध्ये न्यूयॉर्कचा कॉलनी क्लब त्यांनी सजवला आणि अंधाऱ्या, जड खोल्यांची फॅशनच मागे पडली. म्हणजे तुमचा प्रश्न पुन्हा उभा राहिलाच. तरी त्याच सुमारास फ्रँक अल्वा पार्सन्स यांनी न्यूयॉर्कच्या कलाशाळेत हा विषय शिकवायला सुरुवात केली. आज ती शाळा त्यांच्याच नावानं ओळखली जाते. १९१६ मध्ये शेरिल व्हिटन या वास्तुरचनाकारानं केवळ याच विषयाची शाळा काढली.

खरं उत्तर मात्र मला एका दुर्घटनेत सापडतं. २८ नोव्हेंबर १९४२, बॉस्टनमधला 'कोकोनट ग्रोव्ह' नाइटक्लब. छताला ताणलेलं कापड, कागदी-कापडी ताडाची झाडं, सगळं दिसायला झकास. आग लागली ती या सजावटीतून काही मिनिटांत पसरली. मुख्य फिरतं दार माणसांच्या गर्दीनं अडकलं, काही दारं कुलूपबंद होती, काही आतल्या बाजूला उघडणारी. ४९२ माणसं गेली. तेव्हा कोणतं कापड किती लवकर पेटतं, दार कुठल्या बाजूला उघडतं, ही निवड नुसत्या आवडीची नाही. त्यानंतर ठिकठिकाणी अग्निनियम कडक झाले.

त्याच दशकात फ्लोरेन्स नोल ऑफिसं आखू लागल्या. खुर्ची-टेबलाआधी त्या तिथल्या लोकांना विचारत, तुम्ही दिवसभर करता काय? आम्ही आयटीवाले यालाच 'रिक्वायरमेंट गॅदरिंग' म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो!

पुढे या विषयाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था निघाली. आज ती 'सीडा' म्हणून ओळखली जाते. १९७४ मध्ये 'एनसीआयडीक्यू' हे परीक्षा मंडळ रीतसर स्थापन झालं. १९८२ मध्ये अलाबामानं या व्यावसायिकांच्या पदनामाला पहिल्यांदा कायद्याचं संरक्षण दिलं. गंमत बघा, नंतर त्याच राज्यानं शिक्षण-परीक्षेशिवाय हे काम करायलाच बंदी घातली, आणि २००७ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला. भांडण अजून मिटलेलं नाही. लोकांची घरं सजवायला बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही.

पण लेकीला हॉस्पिटलं, शाळा, ऑफिसं करायची असतील तर ती परीक्षा फार उपयोगी पडते. पदवीनंतर त्यासाठी ३,५२० तासांचा कामाचा अनुभव लागतो. आठवड्याला ४० तास धरले तर ८८ आठवडे. त्यातले काही तास शिकतानाही मिळवता येतात. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा तिथल्या माणसाला दोन गोष्टी विचारा: अभ्यासक्रमाला सीडाची मान्यता आहे का, आणि इमारतींचे नियम कितव्या वर्षापासून शिकवता?